उखळीच्या कानातला खिळा

दिनू,

काल दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा सगळे माझ्याकडं बघायला लागले.

कराडच्या संगमावर ऊन चांगलंच चढलं होतं. पिंड मांडून अर्धा तास झाला. पलीकडं दुसऱ्या कुणाच्या तरी पिंडावर सात-आठ कावळे तुटून पडले होते आणि तुझ्याकडं एकही फिरकेना. तुझा धाकटा भाऊ "शेताचं मी बगतो" म्हणाला. सुमनवहिनींनी हात जोडून "माजी काळजी करू नका" म्हटलं. कावळा आपला झाडावरच. मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "रघूअण्णा, तुमी बोला कायतरी. तुमचंच लागून ऱ्हायलं आसंल त्यास्नी."

आठ महिने जे तुझ्या तोंडावर बोललो नाही, ते पन्नास माणसांत भाताच्या गोळ्याला कसं सांगू? चपला हरवल्यासारखा खाली बघत राहिलो. तेवढ्यात तुझी मनीषा पुढं झाली. पदर खोचला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बाबा, तुमच्या उखळीचा बार राहिलाय. तेराव्याला तुमच्या नावानं बार काढू. शब्द देते."

आणि कावळा आला.

तू काय म्हणाला असतास ते मला माहीत आहे. "आरं, भूक लागली आसंल त्येला." पण गावानं ते डोळ्यांनी पाहिलं. परत येताना उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी अडकली, तेवढ्या वेळात शोभेच्या दारूवाल्याला कोण सांगणार, परवानगीला कोण जाणार, सगळं ठरलंसुद्धा. "कानातला खिळा तेवढा काढाय लागंल," एक जण म्हणाला. "काडू की. ड्रिलनं अर्ध्या तासाचं काम हाय," दुसरा म्हणाला. मी मागच्या सीटवर होतो. उखळीला, त्या बुटक्या तोफेला, बत्ती द्यायचं जे बारीक भोक असतं, ज्याला आपण कान म्हणतो, त्यात तो खिळा मीच ठोकला हे गाडीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. का ठोकला हे एकालाही माहीत नव्हतं.

आज अकरावा. उद्या मी सांगलीहून तुझ्या गावाला जाणार आहे, आणि ती उखळी कुणालाही उडवू देणार नाही. कारण ती फुटेल. मनीषाच्या हातात बत्ती असेल आणि ती फुटेल. पण दिलेला शब्द मोडा असं गावाला सांगायचं, तर का ते सांगावं लागेल, आणि ते सांगायचं तर आधी तुझ्याशी बोललं पाहिजे. तू आता उठून जाऊ शकत नाहीस, एवढाच मला फायदा.

सुरुवात तू केलीस, हे कबूल कर. मनीषाच्या वास्तुशांतीला आपण साताऱ्याला गेलो होतो. जेवण झाल्यावर माणसं वामकुक्षी घेतात. तू मला उन्हातून वस्तुसंग्रहालयात घेऊन गेलास. तिथं एका कोपऱ्यात दीड वीत उंचीची, बसक्या बुडाची, जाड ओठांची ती ब्राँझची उखळी होती. तू तिच्यापुढं बसलास तो उठेचना. वीत लावून मापं घ्यायला गेलास तर पहारेकरी ओरडला, "आजोबा, हात लावायचा नाही." मग तू हात मागं बांधून नुसत्या नजरेनं मापं घेतलीस आणि वास्तुशांतीच्या पत्रिकेमागं चित्र काढलंस. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडाचे पॅटर्न केलेला माणूस तू, तुझी नजर म्हणजे पट्टीच. नंतर त्या पत्रिकेवरची मापं एका सुतानंही चुकलेली निघाली नाहीत.

"रघ्या, आमच्या गावच्या उखळ्या आटवतात का रं? तीन बार झाल्याबिगर पालखी उचलत न्हवती. डोंगरापल्याडच्या मेंढरंवाल्यास्नी बी कळायचं, पालखी निघाली म्हनून. आता सगळं डीजेवर आलंय."

"मग?"

"मग काय? पॅटर्न मी करतो, वतायचं तू. एक पितळंची उखळी करू."

"पितळेची नाही. ब्राँझची."

"त्येच."

"तेच नाही दिनू. पितळेत जस्त असतं, ब्राँझमध्ये कथील."

"बग, तुला आत्ताच किती म्हाईत हाय!" म्हणालास आणि असा हसलास की पहारेकऱ्यानं पुन्हा वळून पाहिलं. आयटीआयच्या बाकावर बसल्यापासून तू मला असंच गुंडाळत आलास. सांगलीच्या फौंड्रीत चाळीस वर्षं धातू ओतून मी घरी बसलो होतो. बायको गेल्यापासून दिवस सरता सरत नव्हता. खरं सांगू का, तू तेव्हा तोफखाना काढू म्हणाला असतास तरी मी हो म्हणालो असतो.

ते वर्ष फार चांगलं गेलं. तुझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सागाचा पॅटर्न घडत होता, मी दर रविवारी पहिल्या एसटीनं तुझं कडेगाव गाठायचो, वहिनी म्हणायच्या, "आवं भावजी, तुमी आला की ह्यास्नी पोरगं झाल्यावानी हुतंय." धातू गार होताना आकसतो म्हणून पॅटर्न तेवढा वाढीव करायचा, त्यासाठी तुझी ती वेगळी आकसपट्टी. मी तिला हात लावला तरी तुला खपायचं नाही. धातूसाठी कारखान्याच्या चरकाची जुनी बेअरिंग भंगारात मिळाली. अस्सल गनमेटल, दहा भागांत एक भाग कथील. मी म्हणालो, हाच तोफेचा धातू, यात दुसरं काही घालायचं नाही. तू मान डोलावलीस.

आता त्या दिवसाचं.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. अंगणात भट्टी धगधगत होती, मुशीत बेअरिंगचे तुकडे वितळायला लागले होते, आणि गल्लीतून बायका आल्या. कुणाच्या हातात ताट, कुणाच्या वाटी, कुणाच्या तांब्या. सगळ्यांना हळदकुंकू लावलेलं. देवळाची घंटा ओतताना घरटी भांडं द्यायचं ही तुझ्या गावची रीत, आणि गावानं उखळीही देवाचीच धरली होती. पारूआत्यांनी नवऱ्याचं काशाचं ताट आणलं होतं. "धनी ह्यातच जेवायचं. देवाच्या उखळीला माजं बी आसूं दे."

कासं, दिनू! काशात पाच भागांत एक कथील. म्हणून तर ते वाजतं, आणि म्हणूनच दगडावर पडलं की तडकतं. घंटेला ते सोनं आहे, पण तोफेला विष.

तू ती भांडी हातात घेऊन माझ्याजवळ आलास. धगीनं तोंड लाल झालं होतं. हळू आवाजात विचारलंस, "रघ्या, चालतंय का रं हे? न्हाईतर मी त्यांची समजूत काडतो."

तू विचारलंस. हे मी आज लिहून ठेवतो. तू विचारलंस आणि मी म्हणालो, "टाक. एवढ्यानं काही होत नाही."

चाळीस वर्षं फौंड्रीत काढलेला माणूस असं का म्हणाला, ते तू कधी विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. तर ऐक. माझ्या पिशवीत रुमालात गुंडाळलेली आईची काशाची वाटी होती. आई रोज संध्याकाळी तूप लावून ती वाटी वडिलांच्या तळपायांना घासायची. दिवसभर हमाली करून आलेले ते पाय. ती वाटी मी सांगलीहून मुद्दाम आणली होती. आपल्या हातून शेवटचं काही ओतलं जाणार, त्यात आई असावी असं मला वाटलं. आता स्वतःच्या पिशवीत वाटी असताना पारूआत्यांचं ताट कोणत्या तोंडानं परत पाठवू? तू बायकांना चहा द्यायला वळलास तेव्हा मी रुमाल सोडला आणि वाटी मुशीत टाकली. ती क्षणभर तरंगल्यासारखी दिसली आणि मग गेली.

ओतकाम झकास झालं. दुसऱ्या दिवशी साच्याची वाळू फोडली तेव्हा तू लहान पोरासारखा टाळ्या पिटल्यास. मी नखानं टिचकी मारली आणि ती टन्न वाजली. लांबवर जाणारा, गोड आवाज. तू म्हणालास, "ऐक, कशी बोलतीया!" पण तो घंटेचा आवाज होता, तोफेचा नव्हे. लेथवर चढवली तर कीस निघायच्या ऐवजी चुरा पडत होता, इतका धातू ठिसूळ.

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं, ते तू गेलास तरी मिटलेलं नाही. मी म्हणायचो, ही शोभेला ठेव. तू म्हणायचास, उखळी काय देव्हाऱ्यात मांडायची असती व्हय? मी म्हणायचो, फुटेल. तू म्हणायचास, तू जल्माचा भित्रा.

माघात तू चाचणी ठरवलीस. परवानावाल्या दारूवाल्याला बोलावलंस. नुसत्या आवाजाचा बार, तोही अर्ध्या भराचा, म्हणजे निम्म्याच दारूचा. पडीक रानात उखळी निम्मी जमिनीत पुरली, लांब वात लावली आणि आपण बांधामागं पालथे पडलो. वात संपायला लागलेला तो वेळ! तुझा हात माझ्या मनगटावर होता आणि तुझी बोटं गार पडली होती. भित्रा मी एकटाच नव्हतो, बरं का. बार झाला. रानातले पक्षी उठले. उखळी जागच्या जागी होती. तू धावत सुटलास, तिच्याभोवती नाचलास, "आता बोल! आता बोल रघ्या!"

गार झाल्यावर मी तिला टिचकी मारली. टन्न नाही. टण. आवाज अर्ध्यातच मेला. कुंभाराकडं मडकं घेताना बाईमाणूस बोटानं वाजवून बघतं ना, तसाच आवाज. आत कुठंतरी तडा गेला होता. मी म्हणालो, "दिनू, ऐक. ही तडकली."

"कुटं हाय तडा? दाव."

दिसत नव्हता. खोलवर असणार. कारखान्यातल्या आवाजानं तुझा उजवा कान गेलेला, तुला दोन्ही आवाज सारखेच. "तुज्याच कानात दोष हाय," म्हणालास. आणि मग मी ते बोललो. "तुझ्या गावच्या भांड्यांनी घात केला. अडाणी बायकांचं ऐकून धातूची माती केलीस." तुझं तोंड उतरलं. वाटलं, आता म्हणशील, 'तूच टाक म्हणालास की.' तू म्हणाला नाहीस. उखळी उचललीस आणि चालू लागलास. त्या क्षणी मी मागून हाक मारून वाटीचं सांगायला हवं होतं. नाही मारली.

चैत्रात जत्रा. तू पूर्ण भराचा बार काढणार, बत्ती स्वतः देणार, आणि पालखीभोवती सगळं गाव, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. मी तुला चारदा फोन केला. तू दर वेळी "जत्रंला ये, पुरणपोळी हाय," म्हणून ठेवून दिलास. जत्रेच्या आधीच्या रविवारी मी आलो. तू अंघोळीला गेलास. मी शेडमध्ये शिरलो, पोलादाची निमुळती पिन उखळीच्या कानात ठेवली आणि तीन घाव घातले. वरचं टोक कापलं आणि पॉलिश पेपरनं घासून असं मिळवलं की बघणाऱ्याला कळू नये. बाहेर येऊन तुझ्याबरोबर चहा प्यायलो.

पंचांना सांगता आलं असतं, मनीषाला सांगता आलं असतं. पण माणसांत तुझी फजिती नको, असं मी मनाला समजावलं. आणि शेवटी केली ती अशी फजिती, की शत्रूनंही करू नये.

जत्रेच्या दिवशी तू गुलाबी फेटा बांधला होतास. पालखी उचलायची थांबली होती. सगळं गाव कानांवर हात ठेवून उभं. दारूवाल्यानं भर घालायच्या आधी रीतीप्रमाणं कानात तार घालून पाहिली. ती जाईना. त्यानं वाकून निरखलं आणि मोठ्यानं म्हणाला, "आवं दिनूअण्णा, ह्येच्या कानात खिळा हाय की!" आधी कुणाला कळलं नाही. मग कुणीतरी फिदीफिदी हसलं, मग बरेच जण हसले. डीजेवाल्यानं गाणं लावलं. तू हसणाऱ्यांकडं पाहिलं नाहीस. गर्दीत मला शोधलंस, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "रघ्या, खिळा शत्रूच्या तोफंला मारत्यात रं."

तुझ्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

त्यानंतर मी फोन केला नाही, तूही केला नाहीस. माझं म्हणणं, मी तुझा जीव वाचवला, तू आधी बोलावंस. तुझं म्हणणं काय होतं कोण जाणे. मग मनीषाचा फोन आला, कराडला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. हृदय थांबलं म्हणे. पण दिनू, मला एक गोष्ट त्याहून जास्त खाते. ती खरंच तडकली होती का? मी कानानं ऐकलं, डोळ्यांनी पाहिलं नाही. मी चुकलो असेन तर तुझा तो एक दिवस मी फुकट मातीत घातला, आणि तो आता परत येणार नाही. मग उद्या तुझ्या मुलीलाही मी खोट्या भीतीनंच अडवायला निघालोय.

लिहिता लिहिता उजाडलं, गाडीची वेळ झाली. बाकीचं आल्यावर लिहीन.

*

आज चौदावा दिवस. सांगलीत आलोय.

बाराव्याला तुझ्या घरी पोचलो तेव्हा अंगणात दोघं जण ड्रिल मशीनची वायर सोडवत होते. मी आत न जाता तिथंच उभा राहिलो आणि म्हणालो, "मनीषा, ही उखळी उडवायची नाही."

तिचा चेहरा तुझ्यासारखाच झाला, अगदी त्या बांधावरच्यासारखा. "काका, एकदा खिळा मारलात. आता दुसऱ्यांदा मारायला आलात?"

"ती फुटंल पोरी."

"बाबांनी घडवलेली आहे ती, फुटेल कशी? मी कावळ्यापुढं शब्द दिलाय. तुम्ही तर तिथं तोंडसुद्धा उघडलं नाहीत."

मी म्हणालो, "आधी मला बघू दे. एकदाच." ती शेडकडं चालू लागली. शेडमध्ये तुझ्या बाकावर गोणपाटाखाली उखळी होती. तिनं गोणपाट ओढलं.

उखळी पांढरी होती. बाहेरून सगळी खडूनं सारवलेली. आणि त्या पांढऱ्यावर, कानाच्या खालून बुडापर्यंत, केसासारखी बारीक, पिवळसर तेलकट रेघ.

"बाबांनी हा खडू कशाला लावलाय कळत नाही," मनीषा म्हणाली. "पुसून चकाकी आणणार होते ही मंडळी."

दिनू, हे मीच तुला शिकवलं होतं, आपण पंचविशीत होतो तेव्हा. आत रॉकेल भरायचं, बाहेर खडू लावायचा. तडा आरपार असेल तर रॉकेल पाझरून खडूवर उमटतं. डोळ्यांना न दिसणारी चीर खडू दाखवतो.

"हे कधी केलं त्यानं?" मी विचारलं.

वहिनी दारात आल्या होत्या. "जत्रा झाल्यावर. चौथा का पाचवा दिस आसंल. रॉकेल मिळंना म्हनून गावभर हिंडलं. मग हितं दिसभर बसून ऱ्हायलं. जेवाय बी आलं न्हाईत."

चौथ्या दिवशी! लेका, चौथ्या दिवशी तुला कळलं, मी खरा होतो म्हणून. आणि तू आठ महिने गप्प बसलास? एक फोन, दिनू. "रघ्या, तडा हाय," एवढे दोन शब्द. मी धावत आलो असतो. मला इतका राग आला की मी त्या बाकावर मूठ आपटली, आणि मग रडलो. पोरीसमोर रडलो. तू खरा ठरला असतास तर बरं झालं असतं. मी खरा ठरलो आणि त्याचं करायचं काय, मला कळेना.

मनीषाला मी ती रेघ काय ते समजावलं. ती बराच वेळ रेघेवरून बोट फिरवत राहिली. मग बाहेर जाऊन तिनं स्वतःच्या हातानं ड्रिलची वायर गुंडाळली. म्हणाली, "पण काका, गावाला तुम्ही सांगायचं. सगळं सांगायचं."

तेराव्याला पंगत बसायच्या आधी ती पांढरी उखळी पाटावर ठेवून मी सगळं सांगितलं. कासं, तडा, खिळा. आणि वाटीसुद्धा. दिनूनं विचारलं होतं, टाक असं मी म्हणालो, आणि पहिला चोर माझ्याच पिशवीत होता, हेही. पारूआत्या म्हणाल्या, "म्हंजी माजं ताट वंगाळ हुतं व्हय?"

"नाही आत्या. ताट लय चांगलं होतं. आम्ही त्याचं नको ते केलं."

"मग ते परत आटवा आन माजं ताट मला द्या. दोगं म्हातारं मिळून खुळ्यावानी कराय लागला, आन आमाला कळू बी दिलं न्हाई!"

तुझ्या तेराव्याला माणसं हसली, दिनू. पण हे हसणं जत्रेतल्यासारखं नव्हतं. ती उखळी आटवून देवळाची घंटा करायची आणि आत्यांना त्यांचं ताट करून द्यायचं, असं ठरलं. मनीषाच्या शब्दाचं काय, असं कुणीतरी विचारलं. ती म्हणाली, "बाबांना घाई नाही. जत्रेला बघू."

बघू म्हणजे काय, ते मला जेवणं झाल्यावर कळलं. वहिनींनी मला शेडमध्ये बोलावलं. फळीवरून एक गाठोडं काढलं. आत सागाचा नवा पॅटर्न होता, आधीच्यापेक्षा जाड अंगाचा, बुडाला दुप्पट भरीव, पॉलिश करून तयार. त्याच्याबरोबर दोन पिशव्या, एकीत तांब्याचे तुकडे आणि दुसरीत कथलाच्या कांड्या. आणि तुझी आकसपट्टी, तिला वास्तुशांतीची तीच पत्रिका गुंडाळलेली.

"हे तुमच्यासाटनं हाय म्हनत हुते," वहिनी म्हणाल्या. "मी म्हनलं, फोन करा की भावजीस्नी. तर म्हनायचे, तो येतुय का बगू."

मीही तेच बघत होतो, वहिनी. तो करतोय का बघू.

पत्रिकेवर चित्राखाली नव्या पेन्सिलीनं तू लिहिलं होतंस. ते तसंच उतरवून ठेवतो.

"साचा – मी. झाला.
धातू – फक्त तांबे आणि कथील. गावची भांडी नकोत. रघूच्या आईची वाटी पण नको.
ओतणे – रघू.
कान पाडणे – रघू."

मी ते उभ्यानं वाचलं आणि परत वाचलं. तू चहा द्यायला वळला होतास ना? म्हणजे तू पाहिलं होतंस. त्या दिवशी बांधावर मी तुझ्या गावाला, त्या बायकांना, तुला नको ते बोललो, तेव्हा तुला सगळं माहीत होतं. "तुझ्या आईच्या वाटीचं काय?" एवढं विचारलं असतंस तरी मी जागच्या जागी मेलो असतो. तू उखळी उचललीस आणि निघून गेलास. माझ्या आईचं नाव तुला भांडणात आणायचं नव्हतं. आणि मी मात्र तुझ्या उखळीच्या कानात खिळा मारला.

पॅटर्न मी सांगलीला घेऊन आलोय. समोर ठेवलाय. पट्टीला हात लावलाय, माफ कर. थंडी सरायच्या आत ओतीन, तुझ्याच अंगणात, तांबं आणि कथील, दुसरं काही नाही. बायका भांडी घेऊन आल्या तर त्यांच्या पाया पडून परत पाठवीन. चाचणी पडीक रानात, पूर्ण भराची, एकदा नाही, तीनदा. बांधामागं मी एकटा असेन, मनीषा लांब. प्रत्येक बारानंतर टिचकी मारून ऐकीन. आवाज मेला तर फोडून टाकीन आणि परत ओतीन.

कान मी पाडीन, दिनू. आणि जत्रेला बार झाला, डोंगरापल्याड गेला, म्हणजे मी सगळ्यांदेखत म्हणेन की आवाज जरा कमी पडला. मग तू म्हण, की माझ्या कानात दोष आहे. म्हण गड्या. एकदा म्हण.

तुझा
रघ्या